शाळेत बाई, घरी आई

“बाई, तुम्ही आता इथंच बसायचं,” दळवी सर म्हणाले आणि मेंढपाळांच्या दगडी खोपट्याकडं त्यांनी हनुवटीनं खूण केली. “येताना तुम्हाला उचलतो.”

“उचलायला मी काय पोतं आहे?” आई म्हणाली.

मंडळी हसली. आईही हसली. कमरेवर हात ठेवून ती उभी होती, कपाळाला घाम, नाकाचा शेंडा उन्हानं लाल. तिला दम लागला होता, पण तो काही संपलेल्या माणसाचा दम नव्हता. तिची चालच तशी होती. चार पावलं टाकायची, थांबायचं, एखादं फूल किंवा दगड न्याहाळायचा, पुन्हा चार पावलं. पहाटे गावातून निघाल्यापासून देवदारांच्या जंगलातून, मग उघड्या उतारावरून ती अशीच वर आली होती. सगळ्यांच्या मागून, पण आली होती.

“मी येते की हळूहळू. तळं काय पळून जाणार आहे?”

“तळं नाही पळणार, हवामान पळतंय.” सरांनी घड्याळावर टिचकी मारली. “तुमची ही चाल म्हणजे मंडईत भाजी आणायला निघालेल्या माणसाची. आपण हिमालयात आहोत, बाई.”

पुन्हा हसू. डोलेराम, आमचा गाइड, तेवढा हसला नाही. त्याला मराठी कळत नव्हतं, पण काय चाललंय ते कळत होतं.

“धीरे-धीरे चलेंगी तो पहुँच जाएँगी बाईजी,” तो म्हणाला. “मैं साथ रहूँगा।”

“तुम मेरे साथ रहेगा,” सर म्हणाले. “रास्ता तुमको मालूम है. ये इधरीच बैठेगी.”

हिमाचलमधल्या एका दरीच्या डोक्यावर हे कुरण होतं. ‘थाच’ म्हणतात तिथं अशा कुरणाला. कुरणाच्या वर घराएवढ्या धोंड्यांची चढण, चढणीच्या माथ्यावर एक उंबरठा, आणि उंबरठ्याच्या पलीकडं ते तळं, रिखणसर. एका दिवसात जाऊन यायचा ट्रेक. अवघड, असं सरांच्या पत्रकात लिहिलं होतं आणि तळाला त्यांचं नेहमीचं वाक्य: ‘शेवटचा भिडू आला, तरच ट्रेक झाला.’ त्या दिवशीही पहाटे गावातून निघताना सगळ्यांनी हात हातावर ठेवून ते वाक्य म्हटलं होतं. आईनं सगळ्यात मोठ्यानं म्हटलं होतं. शाळेतल्या प्रार्थनेसारखं, डोळे मिटून.

मिरजेच्या मुलींच्या शाळेत आई भूगोल शिकवायची. मी त्याच शाळेत होते. पहिल्याच दिवशी गेटवर माझ्या वेणीची रिबीन सारखी करत तिनं सांगितलं होतं, “शाळेत बाई, घरी आई. विसरायचं नाही.” आणि मी विसरले नाही. पाचवीत मल्लखांबाच्या दोरावरून पडून हात मोडला, हाड कातडीखाली तंबूच्या काठीसारखं वर आलं, तेव्हा धावत आलेल्या आईला मी म्हणाले होते, “बाई, माझा हात.” शिक्षकांच्या खोलीत हे कित्येक दिवस पुरलं. आईला त्याचा अभिमान वाटायचा, की वाईट वाटायचं, ते मला कधी कळलं नाही. पुढं शाळा सुटली तरी सवय सुटली नाही. चार माणसांत ती बाईच. सरांच्या ग्रुपमध्ये तर सगळ्यांचीच बाई. डोलेरामला वाटत होतं, तिचं नावच बाई आहे.

वर्गात ती गिरिताल शिकवायची तो तास अजून डोळ्यांपुढं आहे. “श्रीखंडाच्या पातेल्यात डाव फिरवला की कसा खळगा उरतो? तशी हिमनदी डोंगर खरवडते. त्या खळग्यात पाणी साठलं की गिरिताल. निळंशार!” आणि निळा खडू संपेपर्यंत ती फळ्यावर तो खळगा भरत राहायची. जन्मभर निळ्या खडूनं भरलेलं तळं तिला एकदा बघायचं होतं. बाबा म्हणाले होते, “या वयात?” ती म्हणाली होती, “तळं माझ्याहून म्हातारं आहे.”

आणि आता ती त्या तळ्याच्या पायथ्याशी उभी होती. वर नुसता एक चढ.

“मी पण थांबते बाईंबरोबर,” मी म्हणाले.

“अजिबात नाही.” आईनं माझ्या सॅकचा लोंबता पट्टा आत खोचला. “तू जा. नीट बघ आणि मला येऊन सांग, कसं आहे ते. फोटो नकोत, सांग. रंग कसला आहे, काठाला काय आहे, पाणी कुठून येतं, सगळं.”

“बाई, जागचं हलायचं नाही बरं का,” सर म्हणाले. “हा शिस्तीचा भाग आहे.”

“नाही हलत हो. अठ्ठावीस वर्षं पोरींना हेच सांगत आलेय.”

खोपट्याच्या दारातल्या दगडावर ती बसली, डब्यातली गूळपोळी काढली आणि आम्ही चढायला लागलो तेव्हा वर्ग सुटल्यावर करायची तसा हात केला, जा जा.

धोंडे एकमेकांवर असे पडले होते की पाय ठेवण्याआधी प्रत्येकाला विचारावं लागत होतं, बाबा रे, हलणार नाहीस ना? वर गेल्यावर उंबरठा ओलांडला आणि ते दिसलं. मी त्याच्याबद्दल इथं लिहिणार नाही. ते ज्याला सांगायचं होतं त्याला सांगायचं राहिलं होतं, आणि त्याच्याआधी दुसऱ्या कुणाला सांगणं मला बरोबर वाटत नाही.

सरांनी बॅनर काढला. “तिकडच्या भाषेत तळ्याला सर म्हणतात,” कुणीतरी म्हणालं. “म्हणजे आज सरांचा आणि सराचा एकत्र फोटो!” सर खूश झाले. फोटो एकात आवरला नाही. बॅनर उलटा झाला, मग सुलटा झाला, मग सरांना एकट्याचा हवा होता, मग काठावरच्या धोंड्यावर उभं राहून शिट्टी वाजवतानाचा. डोलेराम तेवढ्यात दोनदा आकाशाकडं बोट दाखवून गेला. दरीतून ढग वर येत होता. आधी धोंडे गेले, मग उंबरठा गेला, मग गारा सुरू झाल्या. साबुदाण्याएवढ्या, मग हरभऱ्याएवढ्या.

“धोंडे निसरडे होणार,” सर म्हणाले. “आपण उजवीकडच्या धारेनं उतरू. ती सरळ गावात जाते. मी नकाशात बघून ठेवलंय.”

“आणि बाई?” मी विचारलं.

धार उजवीकडून उतरत होती. कुरण डावीकडं खाली होतं. त्या वाटेनं खोपटं लागणारच नव्हतं.

“डोलेराम जाईल ना. तो आल्या वाटेनं उतरेल, बाईंना घेईल आणि जंगलातून गावात आणेल. सोपं आहे.”

“मग मीही जाते त्याच्याबरोबर.”

“केतकी.” सरांनी माझ्या सॅकचा पट्टा धरला. तोच, आईनं आत खोचलेला. “मला आणखी एक माणूस सुटं नकोय. ग्रुप म्हणजे ग्रुप.”

ग्रुप म्हणजे ग्रुप! ज्या माणसाला त्यांनी स्वतः ग्रुपातून काढून एका दगडावर ठेवलं होतं, तिच्या मुलीला ते हे सांगत होते. तेव्हा मला एवढं स्पष्ट शब्दांत सुचलं नाही. डोलेराम माझ्याकडं बघून म्हणाला, “मैं ले आऊँगा, दीदी,” आणि गारांत दिसेनासा झाला.

आम्ही धारेवर चढलो. दोन्ही बाजूला पांढरं. पायाखाली गारांचा थर, चुरमुऱ्यांवरून चालल्यासारखा आवाज. थोडं पुढं गेल्यावर धार वळली आणि मला कळलं की आत्ता आपण कुरणाच्या अगदी वर आहोत. सरळ रेषेत गेलं तर खोपटं इथून हाकेवर. यापुढं वाट दुसऱ्या बाजूला उतरणार. मी थांबले. तोंडाभोवती हात धरले. ‘बाई’ म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते वेगळंच.

“आई! आई! आई!”

“दम घालवू नकोस,” सर पुढून ओरडले. “चल!”

ढगानं हाक घेतली आणि काहीच परत दिलं नाही. मी पुन्हा ओरडले. मागच्यांनी मला पुढं ढकललं.

गावात पोचलो तेव्हा गारा थांबल्या होत्या. आमचा मुक्काम होता त्या घराच्या ओसरीत डोलेराम चुलीपाशी बसला होता. हातात चहा. एकटा.

“बाई कुठायत?” मी विचारलं आणि मग हिंदीत, “बाईजी कहाँ हैं?”

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू आधी तसंच राहिलं. मग उतरलं.

“आपके साथ नहीं हैं?”

“आमच्याबरोबर कशा असतील?”

“दीदी, आपने ही तो ऊपर से आवाज़ दी थी। आई, आई।” त्यानं चहा खाली ठेवला. “मैं पत्थरों में था। मैंने सुना, आई, आई। सोचा बाईजी ऊपर आ गईं, आपको मिल गईं। फिर नीचे थाच में देखा, तो झोंपड़ी खाली। तो मैं…”

आई. आली. मी माझ्या भाषेत हाक मारली होती आणि ती त्याच्या भाषेत बातमी झाली होती.

मग सर बोलले.

“म्हणजे बाई जागेवरून हलल्या.” त्यांनी सगळ्यांकडं पाहिलं. “सांगितलं होतं मी. सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की नाही? कुणी पॅनिक होऊ नका. थोडी वाट बघू, त्या येतील उतरून.”

“मी चालले,” मी म्हणाले.

डोलेराम आधीच उठला होता. त्यानं घरात हाक देऊन दोन माणसं बोलावली, दोर घेतला, घोंगडी घेतली.

“सर, तुम्ही येता?”

“मी इथं थांबून सगळं कोऑर्डिनेट करतो,” सर म्हणाले. “लीडरनं बेस सोडायचा नसतो.”

दुपारी सोडलेला बेस त्यांना आठवत नव्हता. मी त्यांच्याकडं पाहिलं. शिट्टी अजून त्यांच्या गळ्यात होती. “ती द्या,” मी म्हणाले. त्यांनी ती काढून दिली, बस एवढंच काय ते त्यांनी त्या संध्याकाळी वर पाठवलं.

जूनचा उजेड तिकडं उशिरापर्यंत रेंगाळतो. त्या उजेडाचे उपकार. जंगलातून आम्ही जवळजवळ पळतच वर गेलो. कुरणात पोचलो. खोपट्याच्या दारात आईचा डबा होता, झाकण उघडं, अर्धी गूळपोळी तशीच. माझी आई अन्न टाकून उठत नाही. पोळीचा तुकडा पानात राहिला तर ती आम्हाला उठू द्यायची नाही. मी तो डबा बघितला आणि मला इतकंच वाटलं, हे काहीतरी चुकीचं आहे. काय, ते उलगडायला वेळ नव्हता.

डोलेराम “बाईजी!” म्हणून ओरडत होता, मी शिट्टी वाजवत होते. धोंड्यांच्या वाटेवर ती नव्हती. मग त्याच्या गावातल्या एका माणसाला डावीकडं, धारेच्या पोटात, जिथं वाटच नाही तिथं काहीतरी निळं दिसलं. आईचा पावसाळी कोट.

दोन धोंड्यांच्या फटीत तिचा उजवा पाय गेला होता. घोट्यापाशी तो नको त्या दिशेला वळला होता. ती एका कुशीवर पडून होती, केसांत वितळलेल्या गारा, ओठ जांभळे. मी तिच्यापाशी गुडघ्यांवर पडले तेव्हा तिनं माझा चेहरा दोन्ही हातांनी धरला. हात मेणासारखे गार.

“तू बरी आहेस ना?” ती म्हणाली. “तुला लागलंय का कुठं?”

“मला काय झालंय! तुझा पाय बघ!”

“तुला नाही ना काही झालं?” पुन्हा तेच. तिनं माझे दंड, कोपरं चाचपली. मला वाटलं थंडीनं तिची शुद्ध हरपतेय.

डोलेरामनं तिचा पाय सोडवला, तेव्हा ती एकदाच तोंडातल्या तोंडात कण्हली. मग त्यानं तिला घोंगडीत गुंडाळून पाठीवर बांधलं आणि दोघं-तिघं आळीपाळीनं तिला खाली घेऊन आले. वाटेत तिनं त्याला विचारलं, “वजन ज़्यादा है क्या?” तो म्हणाला, “नहीं बाईजी, हम तो बकरी भी उठाते हैं।” ती हसली. मला रडू येत होतं आणि ती हसत होती.

गावात सर पुढं आले. “बाई, काय हे! सांगितलं होतं ना, हलायचं नाही म्हणून?”

आईनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग त्यांच्याकडं.

“चुकलं माझं, सर,” ती म्हणाली. “तळं बघायची हौस नडली.”

“तरी म्हटलं!” सर सगळ्यांकडं वळले. “बघा. हौस.”

तेवढ्यावर सगळं मिटलं. पुढं शहरातल्या दवाखान्यात तिच्या घोट्यात पट्टी आणि स्क्रू घातले. पाय आखडलाच. फळ्यापुढं उभं राहता येईना, म्हणून तिनं शाळा वेळेआधी सोडली. निरोपसमारंभात पोरींनी तिला रंगीत खडूंचा मोठा डबा दिला. मी एकदा तिला विचारलं, “निदान दिसलं तरी का तळं?” ती म्हणाली, “दिसलं की! लांबून. निळंशार.” म्हणून मग मी सांगायचं तसंच राहून गेलं. ज्यानं पाहिलंय त्याला काय सांगायचं?

आणि दळवी सरांना एक किस्सा मिळाला.

कोजागिरीला ग्रुप जमला की तो व्हायचाच. “ही वरून ओरडते, आई! आई! आणि खाली गाइडला वाटतं, आई आली! भाषेची गंमत बघा.” टाळ्या. वर्षागणिक त्यात भर पडत गेली. गाइड चहा पीत नव्हता, झोपला होता. गाइड अडाणी होता. गारा लिंबाएवढ्या झाल्या. धारेनं उतरायचा निर्णय किस्स्यातून आधी मागं सरकला आणि मग गळूनच पडला. राहिली एक म्हातारी हौशी बाई, एक घाबरट मुलगी आणि एक अडाणी पहाडी माणूस. या तिघांनी मिळून घातलेला घोळ सरांनी शांत डोक्यानं निस्तरला होता! आई सगळ्यांत जास्त हसायची. मी उठून स्वयंपाकघरात जायची. काय बोलणार होते? ओरडले तर मीच होते. हललीही आईच होती.

गेल्या महिन्यात मी माहेरी गेले होते. माझी जुई आता अडीच वर्षांची आहे. ती झोपली की मला माझा एक तुकडा वेळ मिळतो. आताही ती झोपलीय आणि मी हे लिहितेय. त्या दिवशीही ती आतल्या खोलीत झोपली होती, आणि दळवी सर पेढे घेऊन आले. त्यांचा सत्कार होता. पंचाहत्तरी. सह्याद्री ते हिमालय वगैरे.

“बाई, तुम्ही स्टेजवर यायचं. तो किस्सा तुम्हीच सांगायचा. तुमच्या तोंडून रंगेल.”

“मी काय सांगणार? तुम्हीच सांगता छान.”

“असं सांगायचं बघा.” सर खुर्चीत पुढं सरकले. हात तोंडाभोवती धरले, माझी नक्कल. “धुकं. गारा. आणि वरून ही, आई! आ—”

“आई!”

आतून. जुई. झोपेतून दचकून उठलेल्या मुलाची ती हाक असते ना, स्वप्नातलं कुणीतरी अजून मागं लागलेलं असतं.

मी उठायच्या आत आई उठली होती. काठी आरामखुर्चीला टेकवलेली होती, ती तशीच राहिली. जो पाय टेकताना ती एरवी भिंत शोधते, त्याच पायावर जोर देऊन ती तीन पावलं आत गेली सुद्धा, आणि मग कोलमडली. दाराची चौकट धरली म्हणून पडली नाही.

हाक तिला नव्हती. जुई तिला आज्जी म्हणते. हाक मला होती. पण ‘आई’ असं ऐकलं आणि तिचं अंग निघालं. विचारलं नाही, कुणाची आई, कुणाचं मूल, पाय धड आहे का.

मी जुईला कडेवर घेऊन दारात उभी राहिले आणि मला तो डबा दिसला. अर्धी गूळपोळी. वाट नसलेल्या बाजूला, धारेच्या पोटात, निळा कोट. तळ्याकडं नाही. तळं उजवीकडं वर होतं. डावीकडं वर मी होते.

“आई,” मी म्हणाले. “तू तळं बघायला निघाली नव्हतीस.”

तिनं काठीसाठी हात पुढं केला. मी दिली नाही.

“तू माझ्या हाकेकडं निघाली होतीस.”

“बस की आता,” ती म्हणाली. “सर आलेत.”

“सांग.”

ती दाराला टेकून उभी राहिली. चोरी पकडलेल्या मुलीसारखी. तिच्या वर्गात अशा कितीतरी उभ्या राहिल्या असतील.

“हात मोडला तेव्हा बाई म्हणालीस गं,” ती म्हणाली. “हाड वर आलं होतं तरी. चार माणसांत तू कधी मला… आणि तिथं वरून, त्या गारांत, तीनदा. मला वाटलं, पोरीचं काहीतरी भयंकर झालंय. मग? बसून राहू मी? शिस्तीत?”

“आणि मला कधी बोलली नाहीस.”

“काय बोलू? तू ओरडलीस म्हणून माझा पाय मोडला, असं? तू ते जन्मभर घेऊन बसली असतीस. हौसेवर ढकललं की कुणाला काही लागत नाही.”

सरांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता तरी.

“म्हणजे बघ,” ते म्हणाले. “शेवटी त्या हाकेमुळंच झालं ना सगळं. मी तेव्हाच म्हटलं होतं, दम घालवू नकोस.”

इतकी वर्षं ज्या जागी मी उठून स्वयंपाकघरात जात होते, त्या जागी मी उभी राहिले. जुई माझ्या खांद्यात तोंड खुपसून होती, म्हणून आवाज चढवला नाही.

“नाही सर. मुलगी आईला हाक मारते, यात काही चूक नसते. आई उठून हाकेकडं जाते, यातही नसते. डोलेरामनं जे ऐकलं तेच खरं मानलं, त्याचीही नाही. आम्ही तिघांनी ज्यानं त्यानं करायचं तेच केलं. तुम्ही तिला दगडावर बसवलंत, परत येतो म्हणालात आणि दुसऱ्या वाटेनं निघून गेलात. किस्सा एवढाच आहे. स्टेजवर सांगायचा असेल तर मी येते सांगायला.”

“अगं, लीडरला निर्णय घ्यावे लागतात—”

“शेवटचा भिडू आला, तरच ट्रेक झाला. हे तुमचंच ना? मग रिखणसरचा ट्रेक झालेला नाही, सर. तो तुमच्या यादीतून काढून टाका.”

ते गेले. पेढ्यांचा पुडा टीपॉयवर राहिला. आई म्हणाली, “वयानं मोठे आहेत गं,” आणि मग थोड्या वेळानं, “बरं केलंस.”

मी तिला काठी दिली. ती आरामखुर्चीत बसली, जुईला मांडीवर घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. जुईचा श्वास जड होत गेला. मला वाटलं दोघीही झोपल्या.

“केतकी,” ती डोळे न उघडता म्हणाली. “तुला तेव्हा सांगितलं होतं, येऊन सांग म्हणून.”

“हो.”

“मग सांग की आता. कसं होतं?”

मी तिच्या खुर्चीपाशी खाली बसले.

“निळं नव्हतं,” मी म्हणाले.

तिनं डोळे उघडले. “नव्हतं?”

“नाही गं. निम्म्यावर अजून बर्फ होता, भातावरच्या दह्याच्या कवडीसारखा, कडेनं सुटलेला. आणि उरलेलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं. समोरच्या कड्यातून एक बारीक धार यायची, तिचा आवाज फार लांबून यायचा. काठाला इवली पिवळी फुलं होती, बर्फाला अगदी चिकटून.”

“तांदळाच्या धुवणासारखं,” ती म्हणाली. “म्हणजे हिमनदी जिवंत आहे अजून. दगड दळतेय. त्या पिठाचा रंग तो.” मग ती हसली, किस्सा ऐकताना हसायची तशी नाही. “आणि मी आयुष्यभर पोरींना निळा खडू संपवायला लावला!”

“पुढं सांगू?”

“सगळं सांग,” आई म्हणाली. “पहिल्यापासून. मला बसवून गेलात ना, तिथून.”